छत्रीकाकूंचा तंबू

माझी मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ती एका पाळणाघरात असायची. तिथे दोन बायका होत्या. एक पाळणाघराच्या मालकीण. त्या आधी शाळेत शिकवायच्या, म्हणून लहानथोर सगळे त्यांना ‘बाई’ म्हणायचे. दुसऱ्या त्यांच्या मदतनीस, छत्रीकाकू. मुलांना भरवणं, झोपवणं, नाकं पुसणं, ओल्या चड्ड्या बदलणं ही सगळी कामं काकूंची. बाईंचा आवाज मोठा होता आणि काकूंचे हात मोठे होते. पाळणाघर त्या दोन गोष्टींवर चालायचं.

छत्रीकाकू हे नाव त्यांना कारखान्याने दिलं. विसाव्या वर्षी त्या छत्र्यांच्या कारखान्यात लागल्या आणि तेवीस वर्षं तिथेच होत्या. छत्रीला आठ काड्या आणि कापडाचे आठ त्रिकोणी तुकडे. ते तुकडे जोडायचे, काड्यांवर चढवायचे आणि प्रत्येक काडीला दोन-दोन जागी हाताने टाके घालायचे, ही त्यांची जागा. दिवसाला साठ छत्र्या. बाहेरून घडीच्या स्वस्त छत्र्या यायला लागल्या आणि एक दिवस कारखान्याला कुलूप लागलं. बायकांना शेवटच्या दिवशी सांगितलं, उरलेलं कापड हवं तेवढं घेऊन जा. बाकीच्यांनी काळं कापड नेलं, कारण ते मळत नाही. काकूंनी लाल, नारिंगी आणि पिवळ्या कापडाचं एक गाठोडं उचललं. “कशाला नेलंत?” असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “काळं काय, तेवीस वर्षं बघितलं होतं की.”

पाळणाघर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, एक गॅलरी आणि चौदा मुलं, सगळी अडीच ते पाच वर्षांची. चार वाजता मुलांना गच्चीवर नेत. गच्चीला चारही बाजूंनी जाळी होती, तिथे तासभर धावून आली की मुलं शहाण्यासारखी वागायची. मग एका उन्हाळ्यात गच्चीवरची पाण्याची टाकी गळायला लागली. दुरुस्ती निघाली, स्लॅब उकरला आणि बिल्डिंगच्या लोकांनी गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. चार महिने लागतील म्हणाले.

पहिले दोन आठवडे बाईंनी गाणी म्हणून काढले. तिसऱ्या आठवड्यात चावाचावी सुरू झाली. एकदा माझ्या मुलीच्या दंडावर दातांच्या दोन ओळी उठल्या होत्या. मी तावातावाने चौकशी केली, तेव्हा कळलं की सुरुवात माझ्याच मुलीने केली होती. मी मुलीचा डबा उचलला आणि निघाले.

त्यातलाच एक बुधवार. बाई गोष्टीचं पुस्तक दाखवत होत्या. चित्रात जंगल, नदी, तंबू आणि तंबूपुढे शेकोटी. मुलांत एक चार वर्षांचा मुलगा होता, अंगाने भरलेला, त्याला सगळे ‘पैलवान’ म्हणायचे. त्याने तंबूवर बोट ठेवलं.

“हे कुठे असतं?”

“जंगलात,” बाई म्हणाल्या.

“आपण कधी जायचं?”

बाईंनी पान उलटलं. मागे दुधाचे पेले पुसत बसलेल्या काकूंनी मान वर न करता सांगितलं, “सोमवारी.”

मुलं झोपल्यावर बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. “काकू, पोरांना खोटी वचनं देत जाऊ नका. ती विसरत नाहीत.”

“म्हणून तर वार सांगितला,” काकू म्हणाल्या. “नाहीतर मीच टाळलं असतं.”

काकूंनी स्वतः आयुष्यात एकच तंबू पाहिला होता, सर्कशीचा, आणि तोही बाहेरून. पण त्या संध्याकाळी मुलांना न्यायला आलेल्या प्रत्येक आईबापाला त्यांनी दारातच धरलं. “पुठ्ठ्याच्या नळ्या आहेत का घरी? आणि मोजे? जोडी हरवलेले चालतील.” माझ्या घरात असे नऊ एकटे मोजे निघाले. मला माझ्या संसाराची लाज वाटली, पण काकूंना भारी आनंद झाला. “करड्या रंगाचे चार! वा, दगड झाले!”

खरंच दगड झाले. मोज्यांत चिंध्या ठासून, तोंड शिवून त्यांनी शेकोटीभोवती मांडायचे बारा धोंडे केले. कापडदुकानातून ताग्यांच्या जाड नळ्या आणून, त्यांना तपकिरी कापड गुंडाळून ओंडके केले, आणि दोन्ही टोकांना सुईदोऱ्याने झाडाच्या खोडात असतात तशी गोल गोल वळणं काढली. कारखान्यातलं गाठोडं तेव्हा उघडलं. लाल, नारिंगी, पिवळं कापड, आत जाड पुठ्ठा, अशा हातभर उंच ज्वाळा. खाली एक छोटा बॅटरीचा दिवा, झाकण स्क्रूने घट्ट पिळलेला, कारण पोरं सेल काढून तोंडात घालतात. खोल्यांचे पडदे ओढले की ती शेकोटी पेटल्यासारखी दिसायची.

निळी चादर म्हणजे नदी. नदीत कापडाचे मासे, प्रत्येकाच्या तोंडात शिवलेली लोखंडी कडी. गळ म्हणजे लाकडी डाव, त्याला वीतभर नाडी आणि नाडीच्या टोकाला कपाटाच्या दाराचं मोठं चुंबक, दुहेरी कापडाच्या पिशवीत शिवून टाकलेलं. पुठ्ठ्याच्या दोन-दोन नळ्या चिकटवून दुर्बिणी. कापडाची मक्याची कणसं, शेकोटीवर भाजायला. बाईंनी शनिवारी एकेक वस्तू हातात घेऊन ओढून पाहिली. माशांचे डोळे तर नखाने खरवडले. डोळे बटणांचे नव्हते, दोऱ्याने भरलेले होते. बाईंनी मासा परत नदीत ठेवला, आणि त्यांच्याकडून एवढं म्हणजे शाबासकीच.

तंबूचं काम मात्र काकूंनी घाईत उरकलं. लादी पुसायच्या चार लाकडी काठ्या, वर एकत्र सुतळीने आवळलेल्या, त्यावर जुनी चादर.

सोमवारी मुलं जंगलात गेली. पाठीवर कापडी पिशव्या, गळ्यात दुर्बिणी, दोन्ही खोल्यांना तीन फेऱ्या, गाद्यांच्या डोंगरावरून चढून-उतरून मुक्कामाला. त्या संध्याकाळी मी मुलीला न्यायला गेले तर ती घरी यायला तयार होईना. “माझं कणीस भाजायचं राहिलंय,” म्हणाली. त्या दिवशी आणि मंगळवारी कोणी कोणाला चावलं नाही.

बुधवारी दुपारी पैलवान तंबूच्या काठीला लोंबकळला. लादी गुळगुळीत, काठीचा पाय सरकला, तिच्याबरोबर बाकीच्याही घसरल्या आणि सगळा डोलारा खाली आला. एक काठी पैलवानाच्या कपाळावर बसली. लिंबाएवढं टेंगूळ आलं. तो पाच मिनिटं रडला, मग बर्फ लावून घेताना त्यानेच विचारलं, “आता परत कधी बांधायचा?”

पण त्याच्या वडिलांनी संध्याकाळी टेंगूळ पाहिलं. ते इमारतींच्या कामावर परांची बांधायचे, म्हणजे भिंतीला लागून बांबूंचा जो सांगाडा उभा करतात आणि ज्यावर चढून गवंडी-रंगारी काम करतात, तो. त्यांच्या हाताखाली आठ माणसं होती आणि आवाज त्या आठही जणांना चौथ्या मजल्यावरून ऐकू जाईल असा.

“काठ्या? पोरांच्या डोक्यावर काठ्या उभ्या करता? वर नुसती सुतळी? डोळ्यात गेली असती म्हणजे?”

“चूक माझी आहे,” काकू म्हणाल्या. “बाईंची नाही.”

“चूक कळून काय करू मी? भाजून खाऊ?”

काकूंनी दोनदा माफी मागितली. बाईंनीही मागितली. आम्ही बाकीचे आईबाप दारात चपला शोधायचं सोंग करत उभे होतो. परांचीवाले मुलाला कडेवर घेऊन गेले, आणि जाताना पैलवान बापाच्या खांद्यावरून नदीकडे बघत होता.

बाईंनी दार लावलं. “काठ्या, चादर माळ्यावर टाका, काकू. मासे राहू देत, शेकोटी राहू दे. तंबू नाही म्हणजे नाही.”

काकूंनी काठ्या सोडल्या, चादर घडी केली, माळ्यावर टाकली. मला त्यांनी हे सगळं नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, “रागावले त्याचं काही नाही वाटलं. ते बरोबरच होते. पण माझं काम पडलं हो. तेवीस वर्षांत माझी एक छत्री परत आली नव्हती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काकू परांचीवाल्यांच्या कामावर हजर. सहा मजल्यांची इमारत, बाहेरून अर्धी बांबूंनी वेढलेली. परांचीवाले वर होते. काकू खाली विटांच्या ढिगाजवळ उभ्या राहिल्या, हातात लादी पुसायची एक काठी. एका मजुराने वर हाक मारली, “मालक, एक बाई आल्यात. काठी घेऊन आल्यात!”

ते घाईने खाली उतरले. “काल झालं ना बोलून? परत माफी कशाला?”

“माफी काल मागितली. आज विचारायला आले.”

“काय?”

“चार काठ्या उभ्या कशा राहतात?”

आजूबाजूचे मजूर हसले. परांचीवाल्यांना वाटलं काकू टोमणा मारताहेत. “मला कामं आहेत,” म्हणाले आणि परत वर चढले. काकू नऊला पाळणाघरात पोचल्या.

शुक्रवारी सकाळी सातला त्या पुन्हा तिथेच. परांचीवाल्यांनी वरूनच हात हलवून ‘जा’ अशी खूण केली. काकूंनी खालून मान हलवली आणि साडेआठपर्यंत उभ्या राहिल्या. तेवढ्या वेळात त्यांनी काय केलं, तर बांबू मोजले, गाठी पाहिल्या, कुठला बांबू आडवा आणि कुठला तिरका ते बोटाने हवेत काढून पाहिलं. शनिवारी मजुरांनीच त्यांना बसायला उलटी बादली दिली आणि चहा दिला.

“ताई, तुम्ही हट्टी आहात हो,” एक जण म्हणाला.

“हट्टी कसली. मला येत नाही, आणि तुमच्या मालकांना येतं. दुसरीकडे कुठे जाऊ?”

हे परांचीवाल्यांनी ऐकलं. ते येऊन समोर उकिडवे बसले. वाळूत बोटाने चार रेघा ओढल्या.

“तुमची काठी मोडली का? नाही. सुतळी सुटली का? तीही नाही. पाय सरकले. वरून कितीही आवळा, खाली मोकळं असलं तर येणारच खाली. आधी बूड बांधायचं. बुडापासून वर यायचं.”

“लादीवर बूड कशाला बांधू?”

“एकमेकांना बांधा. पाय पायाला. मग सरकले तरी कुठे जाणार?” त्यांनी चारही रेघांची टोकं जोडली. “आणि दुसरं. लाकूड कशाला? पोरगं लोंबकळणारच, ते धरूनच चाला. माझंच पोरगं आहे, मला माहितीय. पडलंच तर हलकं पडलं पाहिजे.”

“हलकं असेल तर मोडेल.”

“मग जाड घ्या.”

“नको,” काकू म्हणाल्या. इथे त्या पहिल्यांदा आपल्या हद्दीत आल्या. “वाकणारं घेते. छत्रीची काडी वाकते म्हणून वाऱ्यात टिकते. ताठ असती तर पहिल्याच वाऱ्यात गेली असती.”

परांचीवाल्यांनी मान तिरकी केली. “वाकणारं कसं चालेल? वाकलं म्हणजे पडलं.”

“तुमच्यात. आमच्यात वाकतं आणि परत उभं राहतं.”

त्यावर दोघांचं चांगलं अर्धा तास वाजलं. मजुरांनी काम थांबवून ऐकलं. शेवटी परांचीवाले म्हणाले, “करून दाखवा, मग बोलू.”

काकूंनी वायरिंगचे प्लास्टिकचे पाइप आणले, अंगठ्याएवढे बारीक, वाकवले की कमानीसारखे होणारे. दोन लांब पाइप, माथ्यावर एकमेकांवरून गेलेले. खाली कापडाचीच जमीन, चारही कोपऱ्यांत खिसे, पाइपांची टोकं त्या खिशांत, आणि जमिनीखालून बॅगेचे जाड पट्टे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारखे आणि चारही कडांनी शिवलेले. म्हणजे पाय पायाला बांधले. भिंती जमिनीलाच शिवल्या. आत मुलं बसली की त्यांच्याच वजनाने तंबू जागच्या जागी राहणार.

तंबू तपासायला घरात एकच माणूस होता, काकूंचे यजमान. बस चालवून निवृत्त झालेले, वजन नव्वद किलो, स्वभावाने गरीब. काकूंनी त्यांना आत बसवलं.

“अहो, आता जोरात ओढा.”

“काय ओढू?”

“पाइप ओढा. चार वर्षांचे आहात असं समजा.”

त्यांनी ओढलं. एका कोपऱ्यातला खिसा उसवला, पाइपाचं टोक सुटून सटकन वर आलं आणि त्यांचा चष्मा नाकावरून उडून पलंगाखाली गेला. “अगं, मी रिटायर झालोय ते सुखाने बसायला,” ते चष्मा शोधत म्हणाले. काकूंचं लक्ष चष्म्याकडे नव्हतंच. त्या उसवलेला खिसा उलटा करून बघत होत्या. टाका एकेरी होता. सगळे चारही खिसे त्यांनी उसवले. दुसऱ्या वेळी दुहेरी कापड आणि तीन ओळी टाके. या खेपेला खिसा टिकला, पण पाइप आतून वर सरकला. पुन्हा उसवलं. तिसऱ्या वेळी खिशाला वरून झाकण शिवलं, आणि पाइपाच्या टोकाला म्हाताऱ्यांच्या काठीला असतं तसं रबरी बूच बसवलं. यजमान ओढून ओढून घामाघूम झाले. तंबू चेपला, जमिनीला टेकला आणि सोडल्याबरोबर उभा राहिला.

या कामाला सोळा दिवस लागले. रोज संध्याकाळी पाळणाघरातून गेल्यावर त्या मशीनवर बसायच्या. मुलं रोज विचारायची, “तंबू?” काकू सांगायच्या, “शिवतेय.” वार मात्र त्यांनी या वेळी सांगितला नाही.

सतराव्या दिवशी त्या बाईंपुढे उभ्या राहिल्या. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “मी नाही म्हटलं होतं.”

“हो.”

“मग?”

“मग मी परांचीवाल्यांना उद्या बोलावलंय. त्यांची सुट्टी आहे. त्यांनी नाही म्हटलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही.”

बाई म्हणाल्या, “ते येणार नाहीत.”

ते आले. धुतलेला शर्ट घालून, पैलवानाचा हात धरून, बरोबर दहा वाजता. तंबू खोलीच्या मध्यभागी उभा होता, पिवळा आणि नारिंगी, एका बाजूला जाळीची खिडकी, म्हणजे आत काय चाललंय ते बाईंना बाहेरून दिसावं. कापड पाइपांना वेल्क्रोच्या पट्टीने लावलेलं, जोराने ओढलं की सुटून येईल असं, म्हणजे कोणी गुरफटायला नको. दोऱ्या एकही नाहीत.

परांचीवाल्यांनी प्रथम तंबूला एक चक्कर मारली. मग तळवा माथ्यावर ठेवून पूर्ण खालीपर्यंत दाबला. सोडला. तंबू उभा राहिला. पुन्हा दाबला, या वेळी एका बाजूने. कोपऱ्यातला पाइप दोन्ही हातांनी ओढला. पायाने बुडाला ढकललं. टोकावरून बोट फिरवलं, कुठे धार आहे का बघायला. बाई खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. काकू भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, हात पदरात.

“इथे ठेवायचा नाही,” परांचीवाले म्हणाले.

काकूंचा चेहरा पडला. “का?”

त्यांनी वर बोट दाखवलं. तंबूच्या बाजूला भिंतीवर फळी होती, तिच्यावर पुस्तकं आणि रंगांचे डबे. “पोरगं तंबूवर चढेल, तिथून फळी धरेल. तंबू नाही पडणार, फळी पडेल. त्या कोपऱ्यात हलवा.”

तिघांनी मिळून तंबू उचलला. हलका होता, एका हाताने उचलला जात होता, पण तिघांनी उचलला. नव्या कोपऱ्यात बसल्यावर परांचीवाल्यांनी आणखी एकदा माथा दाबला आणि बाईंकडे वळले.

“हा पडला तर मला बोलवा,” म्हणाले. “पण पडणार नाही.”

मग काकूंकडे न बघता म्हणाले, “वाकतं खरं. आणि उभं राहतं.”

पैलवान तोपर्यंत आत जाऊन बसला होता. त्याने जाळीतून बापाला हुकूम सोडला, “बाबा, आत या. चपला बाहेर.” परांचीवाले मोठे गृहस्थ, पण वाकून आत गेले. डाव हातात घेऊन त्यांनी नदीतले दोन मासे काढले. तिसरा निसटला तेव्हा त्यांच्या तोंडातून एक शब्द गेला, तो पैलवानाने पुढे आठवडाभर वापरला.

बाईंनी एकच अट घातली, एका वेळी आत चारच मुलं. त्या चारांत कोण, यावरून रोज भांडणं व्हायची. चावाचावी संपली असं मी म्हणणार नाही, कमी झाली. टाकीचं काम चार महिन्यांचं सात महिन्यांवर गेलं आणि तोवर चौदा मुलं रोज दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीतून जंगलात जाऊन येत राहिली.

आम्ही आईबाप काकूंच्या मागे लागलो, आम्हालाही करून द्या. काकूंनी साफ नकार दिला. “करून देणार नाही. शिकवते. रविवारी या, सुया घेऊन या.” आम्ही अकरा जण गेलो, त्यात चार बाप होते. मी तीन तासांत एक मासा शिवला, त्याची शेपटी वाकडी झाली. काकूंनी तो हातात घेऊन पाहिला आणि कात्री माझ्यापुढे सरकवली. मी मुकाट्याने शेपटी उसवली. परांचीवाले आमच्यात सगळ्यात सफाईने शिवत होते. गाठ पक्की मारायची सवय, दुसरं काय.

त्यानंतर तीन वर्षांनी बाईंचे गुडघे गेले. त्या लेकाकडे राहायला निघाल्या आणि पाळणाघर काकूंनी चालवावं असं म्हणाल्या. अडचण अशी की त्यासाठी बालसंगोपनाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा दाखला लागायचा, आणि काकू दहावी होऊन शाळा सोडलेल्या. तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या. आम्हाला वाटलं, आता पाळणाघर बंद.

काकूंनी फॉर्म भरला. वर्षभर शनिवार-रविवार वीस-बावीस वर्षांच्या मुलींबरोबर बाकावर बसल्या. लेखी पेपरात एका विषयात पहिल्यांदा नापास झाल्या. त्यांच्या यजमानांनी मला हे सांगितलं, काकूंनी नव्हे. ते म्हणाले, “निकाल बघितला, पुस्तक काढलं, पहिल्या पानापासून सुरू. मी म्हटलं, अगं, निदान आजचा दिवस जेव तरी नीट. तर म्हणाली, वाढा, वाचता वाचता जेवते.” दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या. प्रात्यक्षिकात त्यांनी शेकोटी नेली होती. परीक्षक बाईंनी ज्वाळा ओढून पाहिल्या, दिव्याचं झाकण उघडायचा प्रयत्न केला, उघडलं नाही. “कोणी शिकवलं?” विचारलं. काकूंनी खरं ते सांगितलं, एक छत्रीचा कारखाना आणि एक परांचीवाला. परीक्षक बाईंनी ते तसंच लिहून घेतलं म्हणे.

माझी मुलगी आता मोठी झाली आहे. पाळणाघरावरून माझं अजून रोजचं जाणं-येणं आहे. काकू साठीला आल्या. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे एक मुलगी नवी आली, साडेतीन वर्षांची, दोन्ही पायांना आधाराच्या पट्ट्या. ती चालते, पण पाऊल उचलत नाही, घासत नेते. तंबूच्या दारात कापडाची बोटभर उंच कड आहे, तिथे तिचं पाऊल अडतं. पहिल्या दिवशी बाकीची मुलं आत गेली आणि ती बाहेर उभी राहिली. काकूंनी तिला उचलून आत ठेवायचं म्हटलं, तर तिने हात झटकला. तिला स्वतः जायचं होतं.

काकूंनी खडूने तिची पावलं लादीवर आखून मापं घेतली. कड काढायची तर दारातला बुडाचा पट्टाच काढावा लागतो, आणि पट्टा गेला की पाइप फाकतात. पहिला प्रयत्न यजमानांनी एका हाताने पाडला. दुसरा मुलांनी पाडला. परांचीवाल्यांना फोन गेला, ते येऊन मागच्या बाजूला एक जादा पट्टा सुचवून गेले. काल संध्याकाळी मी डोकावले तेव्हा तिसरा तंबू उभा होता, दार थेट लादीला टेकलेलं. ती मुलगी आत पाय पसरून कणीस भाजत होती. तिची आई दारात पिशवी घेऊन ताटकळत उभी होती आणि काकू तिला सांगत होत्या, “बसा थोडं. कच्चं आहे म्हणते.”